अभ्यासिकेतल्या नेटची डागडुजी : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

पंचवटीतली आमची अभ्यासिका. खाली वाचनालय, वर अभ्यासाची खोली आणि जिन्यालगतच्या खोलीत देणगीतून आलेले सहा संगणक. चार उबंटूवर (विंडोजसारखीच, पण मोफत प्रणाली), दोन विंडोजवर. फायबरचं एकच कनेक्शन, कंपनीने भिंतीवर ठोकून दिलेला पांढरा डबा, आणि त्याच्याच वायफायवर वरची एमपीएससीवाली मुलं फोन चालवतात.

ग्रंथपाल मॅडमचा निरोप आला म्हणून गेले. पाचवीतली एक मुलगी शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका शोधत होती, मध्येच नको त्या चित्रांची खिडकी उघडली. तिने मॉनिटरचं बटण बंद केलं, दप्तर उचललं आणि कुणाला काही न सांगता घरी गेली. दुसऱ्या दिवशी आई आली. भांडली वगैरे नाही. "हिला इथे पाठवायचं की नाही, तेवढं सांगा," एवढंच म्हणाली. अध्यक्षकाकांनी तातडीची बैठक घेतली आणि निष्कर्ष माझ्याकडे आला: "फिल्टर टाका, विषय संपवा."

टाकण्याआधी त्या संगणकाची हिस्टरी बघितली. शोध अगदी स्वच्छ: 'पाचवी शिष्यवृत्ती प्रश्नपत्रिका पीडीएफ'. निकालांच्या पानावरही वावगं काही नाही. घोळ पुढच्या पानावर. फुकट पीडीएफ देणारी साइट, 'डाउनलोड' लिहिलेली हिरवी बटणं एकाखाली एक. त्यातलं खरं एकच, तेही सगळ्यांत लहान आणि करड्या रंगाचं. बाकीच्या जाहिराती. दाबलं की नवा टॅब, तिथून ढकलगाडी आणखी एका पत्त्यावर, आणि शेवटी काय दिसणार ते त्या क्षणी ती जागा कोणत्या जाहिरातदाराने घेतली त्यावर. तीच बटणं मी दाबून बघितली. आधी रमी, मग "तुमच्या संगणकात व्हायरस सापडला", मग ते.

म्हणजे मुलीने काही चुकीचं शोधलं नव्हतं, आणि सर्च इंजिननेही तिला थेट तिकडे नेलं नव्हतं. मला कामाची दिशा यातूनच मिळाली. मुद्दाम शोधणाऱ्याच्या खिशात फोन आहे, त्याच्यामागे मी धावणार नाही. ज्याने मागितलं नाही त्याच्यापुढे ते येऊ नये, एवढं बघायचं.

८ जून, रविवार

काकांनी शब्दांची यादी करून आणली. "हे शब्द आले की पान बंद." कागद घडी घालून दिला, मॅडमसमोर वाचला जाऊ नये म्हणून. पहिलाच शब्द लावला तर त्र्यंबकेश्वरचं ज्योतिर्लिंग बंद आणि व्याकरणातला लिंग-वचनाचा धडाही बंद. काका हसले, पण कागद काही परत घेतला नाही. ही फजिती जुनीच आहे: १९९६ साली एओएल या इंटरनेट कंपनीच्या शब्दगाळणीने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नव्हती, गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी सापडली म्हणून.

मुळात आपल्या राउटरला पानातला मजकूर दिसतच नाही. एचटीटीपीएसच्या सांकेतिक कुलपामुळे पाकीट बंद असतं. कोणत्या पत्त्यावर चाललंय तेवढं बाहेरून कळतं. शब्द तपासायचे तर प्रत्येक संगणकावर आपलं प्रमाणपत्र बसवून पाकिटं मधेच फोडायची, आणि मग पोरांचे ईमेल आणि बँकेचे पासवर्डही आपल्या हातात. हे मी करणार नाही, स्पष्ट सांगितलं. यादी ड्रॉवरमध्ये गेली.

समितीतल्या एका सभासदाला त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट 'पुरावा म्हणून' व्हॉट्सॲप ग्रुपवर हवा होता. नाही म्हटलं. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खालचा गुन्हा, उघड लैंगिक कृतीचा असेल तर ६७अ. पुराव्याला पत्ता, तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवणं पुरे. मुलांचं शोषण दिसणारं काही असेल तर प्रकरण याहून गंभीर: कलम ६७ब खाली ते शोधणं, बघणं, उतरवून घेणंसुद्धा गुन्हा आहे. तसं काही नजरेस पडलं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते. मॅडमनी हे सगळं वहीत लिहून घेतलं.

१४ जून, शनिवार

आज सर्च इंजिनं.

गूगलच्या सेफसर्चचे, म्हणजे शोधातल्या अश्लील निकालांच्या गाळणीचे, तीन प्रकार: 'फिल्टर' लावला तर उघड लैंगिक निकाल येतच नाहीत, 'ब्लर'मध्ये चित्रं धूसर होतात पण दुवे आणि मजकूर येऊ शकतो, आणि 'ऑफ'. आपण हात लावला नाही तर 'ब्लर' असतं. ही पद्धत गूगलने २०२३ मध्ये आणली. अठराच्या आतलं खातं असेल तर गूगल स्वतःच 'फिल्टर' लावतं. पण आमच्याकडे कोणी खात्यात शिरून बसत नाही, आणि हाताने लावलेलं सेटिंग कुकी (ब्राउझरने साठवलेली साइटची नोंद) पुसली की गेलं. म्हणून कुलूप ब्राउझरच्या बाहेर हवं.

त्याची सोय आहे. गूगलने वेगळा पत्ता ठेवलाय, फोर्ससेफसर्च.गूगल.कॉम, आकड्यांत २१६.२३९.३८.१२०. साइटच्या नावाचा आकडी पत्ता सांगते ती यंत्रणा म्हणजे डीएनएस. गूगलचं नाव विचारणाऱ्या संगणकाला आपल्या डीएनएसने हा पत्ता दिला की शोध नेहमीसारखाच चालतो, फक्त सेफसर्च 'फिल्टर'वर अडकतं आणि सेटिंगच्या पानावर कुलपाचं चित्र दिसतं. बिंगसाठी स्ट्रिक्ट.बिंग.कॉम, डकडकगोसाठी सेफ.डकडकगो.कॉम. गूगलचा डॉट को डॉट इन पत्ताही यादीत घ्यायचा, नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं उघडं.

घरी पडून असलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणला, त्यावर डीएनएसमास्क, म्हणजे आपला स्वतःचा डीएनएस चालवणारा प्रोग्रॅम. पुढे कोणी हे काम करणार असेल त्याच्यासाठी लिहून ठेवते: डीएनएसमास्कमध्ये नुसतं सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) लिहून भागत नाही. ज्या नावाचा आकडी पत्ता त्याला स्वतःच्याच फायलीतून ठाऊक असतो, तेवढ्यापुरतंच ते चालतं. म्हणून आकडेच लिहिले, आणि रोज रात्री ते आकडे नव्याने विचारून फाइल ताजी करणारी छोटी स्क्रिप्ट लावली.

यूट्यूबच्या गाळणीला दोन पातळ्या आहेत, कडक आणि मध्यम. कडक लावून वरच्या मुलांना बघायला दिलं. दहा मिनिटांत एक जण खाली: "ताई, राज्यशास्त्राची अर्धी लेक्चर गायब झाली." मध्यमवर आणलं. दोन्हींत व्हिडिओखालच्या कमेंट दिसत नाहीत. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

१५ जून, रविवार

"सरकारने बंद केल्यात ना त्या सगळ्या साइट?" काकांचा प्रश्न. २०१५ च्या जुलैअखेर दूरसंचार विभागाने ८५७ साइट बंद करायला सांगितल्या आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच आदेश सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ साइट बंद करायला सांगितलं. बंद झालेल्या साइट एखादं अक्षर बदलून नव्या नावाने उभ्या राहतात. हाताने केलेली यादी टिकत नाही. ती कोणीतरी रोज सांभाळायला हवी.

ते काम क्लाउडफ्लेअर कंपनीचं कुटुंबांसाठीचं डीएनएस फुकटात करतं. १.१.१.२ व्हायरसवाल्या साइट अडवतं, १.१.१.३ त्याशिवाय प्रौढांसाठीच्याही. जोडीचा दुसरा पत्ता १.०.०.३. ही सेवा १ एप्रिल २०२० ला सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी समलिंगी लोकांसाठी माहिती देणाऱ्या निरुपद्रवी साइटही अडल्या. कंपनीने चूक कबूल करून दुरुस्त केली. तात्पर्य एवढंच की वर्गवारी माणसंच करतात, आणि आपल्याकडे कोणाचं काही विनाकारण अडलं तर ते सोडवायची वाट ठेवायला हवी. आमचा पाय आता आपल्याला ठाऊक नसलेली सगळी नावं १.१.१.३ ला विचारतो.

मग कालची मेहनत कशाला, असं मॅडमनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. नाव बघून अडवणारी गाळणी साइट अडवते. पण चित्रशोधातली छोटी चित्रं गूगलच्याच पत्त्यावरून येतात, मूळ साइटवरून नाही. गूगल तर अडवता येत नाही. तिथे सेफसर्चच लागतं, आणि सेफसर्च गूगलच्या बाहेर कुठे चालत नाही. म्हणून दोन्ही.

ज्या सर्च इंजिनांना असं कुलूप लावता येत नाही ती सरळ बंद केली. अजून कोणाच्या लक्षातही आलेलं नाही.

२१ जून, शनिवार

विंडोजच्या एका संगणकावर सेफसर्चचं कुलूप दिसेना. बाकी सगळीकडे दिसतंय, इथेच नाही. कॅशे पुसली, पुन्हा चालू केला, काही फरक नाही. शेवटी तो कोणाला नाव विचारतोय ते बघितलं: आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) वरून थेट कंपनीच्या डीएनएसला. पांढरा डबा आयपीव्ही४ चा पत्ता आमचा देत होता, पण आयपीव्ही६ मधून स्वतःचाच डीएनएस गुपचूप वाटत होता, आणि विंडोज तोच आधी धरत होतं.

डब्यातलं ते सेटिंग आपल्याला उघडत नाही. कंपनीच्या माणसाला फोन केला; तो म्हणाला, "मॅडम, नेट चालू आहे ना?" डब्याचं वायफाय बंद करून मागे आपला राउटर लावला. पत्ते तोच वाटेल, दोन्ही प्रकारचे.

राहिलं ब्राउझरचं स्वतःचं गुपित डीएनएस. फायरफॉक्स आणि क्रोम दोघेही नावं एचटीटीपीएसमधून बाहेर विचारू शकतात, मग आमचा पाय फक्त शोभेचा. उबंटूवर दोघांच्या धोरणांच्या (सगळ्यांसाठी सक्तीच्या सेटिंगच्या) फाइल असतात, त्यात ते बंद करून टाकलं. क्रोममध्ये 'पॉलिसी'चं पान उघडलं की कोणतं धोरण लागू झालंय ते दिसतं. तपासायला तेच सोयीचं.

फोनचं म्हणाल तर अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. ते ज्या वाटेने बाहेर जातं ते ८५३ पोर्ट बंद केलं, त्यामुळे ज्याने तिथे दुसरा पत्ता घातलाय त्याचं नेट आमच्या वायफायवर सहसा चालणार नाही. 'ऑटोमॅटिक' ठेवा अशी चिठ्ठी जिन्यात लावली. मोबाइल डेटावर काय चालतं तो आमचा प्रांत नाही.

२२ जून, रविवार

आजचा दिवस जाहिरातींचा. मला विचाराल तर सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी.

संगणक क्रमांक तीनसमोर नुसती बसून राहिले. ब्राउझरमध्ये काहीही उघडलेलं नाही. थोड्या वेळाने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट वर सरकली: अर्धवट कपड्यांतल्या बाईचा फोटो, खाली 'तुमच्या जवळ, आत्ता ऑनलाइन'. ती जाते ना जाते तोच दुसरी. चौकट क्रोमच्या चिन्हासकट येते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की संगणकच हे दाखवतोय, किंवा शेजारी बसलेल्याने आधी काहीतरी बघितलं असणार. आठवीतला एक मुलगा शेजारी होता. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "हे मी नाही केलं हां ताई."

क्रोमच्या सूचनांच्या सेटिंगमध्ये परवानगी मिळालेल्या साइटची यादी काढली. लांबलचक, एकाही पत्त्याला अर्थ नाही. या परवानग्या मिळतात कशा, तर फुकट पीडीएफच्या किंवा सिनेमाच्या पानावर रोबोचं चित्र येतं: 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा'. मुलं दाबतात, रोबो नसल्याचं सिद्ध करायची सवय सगळ्यांनाच लागली आहे. त्या एका दाबण्यावर साइटला कायमचा परवाना मिळतो. पान बंद केलं तरी, दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा बसला तरी चौकटी येतच राहतात.

यादी रिकामी केली आणि धोरणाच्या फाइलमधून सूचनांची परवानगी सगळ्यांसाठी 'नाही' केली, आता विचारणाच होत नाही. पॉपअप बंद. ब्राउझरला जोडायची नवीन एक्स्टेन्शन बसवणं बंद. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बसवलं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची 'लाइट' आवृत्तीच चालते, म्हणून सगळीकडे फायरफॉक्स आधी उघडेल असं केलं. मग शिष्यवृत्तीची ती साइट पुन्हा उघडली. हिरवी बटणं गायब, करडं तेवढं उरलं.

एक काम राहिलं होतं. पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर टाकलं की आधीच्या माणसाने बघितलेलं पुढे येतं. आता हिस्टरी साठवणंच बंद केलं. यावर काका नाराज. त्यांना कोणी काय बघितलं ते महिन्याला तपासायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "मग मीच संगणकाची खोली बंद करते, तुम्ही बसा तपासत." विषय तिथेच थांबला.

२८ जून, शनिवार

उलट बाजूची तक्रार आली, येणार हे माहीतच होतं. नर्सिंग शिकणारी एक मुलगी, आरोग्य विद्यापीठाची परीक्षा तोंडावर. स्तनांची स्वतः तपासणी कशी करायची याची पायरीवार चित्रं तिला हवी होती, पण चित्रशोधात रेखाटनं तेवढी येत होती, फोटो जवळपास नाहीत. दुसरा सातवीतला मुलगा, २०२७ च्या सिंहस्थावर तक्ता करतोय. नागा साधूंच्या मिरवणुकीचे चांगले फोटो त्याला मिळेनात. बरोबरच आहे, यंत्राला उघडं अंग दिसतं, त्यामागचा आखाडा दिसत नाही.

काकांची सूचना: रजिस्टर ठेवू, नाव, विषय, कारण लिहायचं, मग गाळणी काढायची. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, कोणती मुलगी त्या वहीत असलं काही लिहील? आणि लिहिलं तर पुढचा ती वही वाचत बसेल."

त्यांच्या टेबलाशेजारच्या संगणकाला वेगळी खूण करून डीएनएसमास्कमधून वेगळा डीएनएस दिला. तिथे १.१.१.३ ची साइटगाळणी आहे, जाहिरातबंदीही आहे, पण गूगलचं सेफसर्च कुलपाविना 'ब्लर'वर. चित्र धूसर येतं, हवं तर दाबून उघडायचं. बसायला कोणालाही कारण सांगावं लागत नाही. फक्त शाळकरी मुलांनी मोठ्या माणसासोबत बसायचं. पडदा भिंतीकडे वळवला, पाठीमागून कोणी डोकावू नये म्हणून. नागा साधूंसाठी मॅडमनी सरळ कपाटातून २०१५ च्या सिंहस्थाची कात्रणं काढून दिली.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी, त्यामुळे निम्मीच मुलं. तरी बसवलं.

नको ते आलं तर काय करायचं, हे मी विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "मागे जायचं." मग करून दाखवलं. अशा साइट एका दाबण्यात अनेक पत्त्यांवरून फिरवत नेतात, त्यामुळे मागचा बाण दाबला की पुन्हा त्याच पानावर. बाण सोडा, टॅब बंद करा: कंट्रोल दाबून डब्ल्यू. पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजायला लागला तर ऑल्ट आणि एफ४. तेही जमलं नाही तर मॉनिटर बंद करून मॅडमना सांगा, त्या विचारणार नाहीत की काय शोधत होतास. मॅडमनी मान डोलावली. पोरांनी ऑल्ट-एफ४ ची इतकी प्रॅक्टिस केली की माझी फाइल न साठवता बंद झाली.

शोधायचं कसं, यावर थोडंच बोलले. पूर्ण वाक्य लिहा: 'मांजर' नाही, 'मांजरीच्या जाती माहिती'. अर्धवट शब्दाखाली गूगल सुचवतं त्यावर डोळे झाकून बोट ठेवू नका. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाकण्यापेक्षा देवनागरीत टाका. रोमनमध्ये त्याच अक्षरांचे भलतेच शब्द जुळतात. सरकारी कागद हवा असेल तर रोमनमध्ये साइट, कोलन, जीओव्ही.इन लिहून पुढे विषय.

पण खरी गोष्ट ही की फुकट पीडीएफच्या साइटवर मुलं जातात ती हौस म्हणून नव्हे. पुस्तक कुठे मिळतं हे माहीत नसतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत पीडीएफमध्ये आहेत. एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्याच संकेतस्थळावर आहेत. शिष्यवृत्तीसाठी परीक्षा परिषद. हे सगळे दुवे ब्राउझरच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लावले. नववीतल्या एका मुलीने विज्ञानाचं पुस्तक तिथल्या तिथे उतरवलं आणि विचारलं, "मग आम्ही ते झेरॉक्सवाल्याकडून का घेत होतो?"

१२ जुलै, शनिवार

मॅडमकडे काम सोपवलं. पासवर्ड पाकिटात, पाकीट कपाटात. महिन्यातून एकदा बघायचं: प्रत्येक संगणकावर सेफसर्चचं कुलूप दिसतंय का, सूचनांची यादी रिकामी आहे का, १.१.१.३ च्या ऐवजी भलताच पत्ता शिरलाय का.

एक गोष्ट लाल पेनने लिहून दिली. पाय बंद पडला तर म्हणून दुसरा डीएनएस कंपनीचा किंवा गूगलचा ८.८.८.८ द्यायचा नाही. पहिला चालू असतानाही संगणक अधूनमधून दुसऱ्याला विचारतात, आणि तेवढ्यात सगळी गाळणी ओलांडली जाते. दुसरा द्यायचाच तर १.०.०.३: सेफसर्चचं कुलूप जाईल, साइटगाळणी राहील. नर्सिंगवालीच्या संगणकाचा पत्ता वेगळ्या ओळीत आहे, त्याला हात लावू नये.

काकांना आता संगणकांच्या पडद्यांवर रोखलेला कॅमेरा हवा आहे. पुढच्या बैठकीत विषय येईल. मी विरोधात बोलणार आहे, मॅडमही.

पायला अजून यूपीएस नाही. पावसात वीज दिवसातून एकदा तरी जातेच, आणि आली की राउटर आधी उठतो, पाय मागून. तेवढा वेळ नेट बंद वाटतं आणि वरून पोरं ओरडतात. वर्गणीतून लहान यूपीएस मंजूर झालाय, मेन रोडवरून आणायचाय.